वाचकांचे प्रश्न : प्रत्यारोपण झालं, आता पुन्हा पेशी कशासाठी?

बोन मॅरो प्रत्यारोपण पार पडतं, नवा मॅरो रुजतो आणि मग डोनरच्या पेशी रुग्णाच्याच अंगावर उठतात. या त्रासाला जीव्हीएचडी म्हणतात. त्यावर आणि प्रत्यारोपणानंतरच्या इतर प्रतिकारशक्तीच्या तक्रारींवर पेशी देऊन उपचार करण्याबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरं रक्तविकार आणि रक्तसंक्रमण या दोन विभागांतल्या डॉक्टरांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, वजन २४ किलो, थॅलेसेमिया मेजर. धाकट्या भावाचा मॅरो पूर्ण जुळला म्हणून प्रत्यारोपण केलं. चोविसाव्या दिवशी तळहातावर आणि कानामागे पुरळ उठलं, आता हिरवट पाण्यासारखे जुलाब होतात. सहा दिवस स्टिरॉइड देऊनही उतार नाही. आता मेसेन्कायमल पेशी देण्याचा विषय निघाला आहे. भावाच्याच पेशींनी हे घडलं ना? मग आणखी पेशी घालणं म्हणजे आगीत तेल नाही का? (सांगली)

उत्तर : त्रास देणाऱ्या पेशी वेगळ्या आणि द्यायच्या पेशी वेगळ्या. मॅरोबरोबर भावाच्या टी पेशीही आल्या. त्या पहारेकरी पेशी. मुलीची त्वचा, आतडं आणि यकृत त्यांना परकं वाटतं. एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणाआधी जुळवतात त्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळलं तरी बाकी जनुकांत भाऊ-बहिणीत फरक असतोच. मेसेन्कायमल पेशी मॅरोतल्या आधारपेशी आहेत. त्या कुणावर हल्ला करत नाहीत आणि रक्तही तयार करत नाहीत. शिरेतून दिल्यावर बहुतेक फुप्फुसांत अडकतात आणि थोड्याच काळात नाहीशा होतात. त्यांचं काम त्यांच्या मरण्यातूनच होतं असं दिसतं : रुग्णाच्या मारक पेशी त्यांना संपवतात, ते अवशेष भक्षक पेशी गिळतात आणि मग त्या भक्षक पेशी टी पेशींना आवरणारी द्रव्यं सोडतात. त्यामुळे या पेशींसाठी एचएलए जुळवावं लागत नाही. कुणाही निरोगी, तपासलेल्या डोनरच्या चालतात.

हा उपचार जगापुढे आला तो स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतून. २००४ साली कातारिना ल ब्लांक आणि सहकाऱ्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. आतडं आणि यकृताचा चौथ्या श्रेणीचा जीव्हीएचडी, काहीच लागू पडत नव्हतं. आईच्या मॅरोतून वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी दिल्यावर तो सावरला. पुढचा प्रवास मात्र सरळ नव्हता. जपानने २०१५ मध्ये ‘टेमसेल’ या मेसेन्कायमल पेशींच्या उत्पादनाला मान्यता दिली. अमेरिकेत तशाच ‘रायऑनसिल’ला डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली आणि तीही फक्त दोन महिन्यांपुढच्या मुलांसाठी, स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीवर. त्या मान्यतेमागच्या अभ्यासात ५४ मुलं होती. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांतल्या ७० टक्के मुलांना गुण आला होता, पूर्ण गुण ३० टक्क्यांना. मोठ्या माणसांचाही समावेश असलेल्या आधीच्या २६० रुग्णांच्या चाचणीत टिकाऊ पूर्ण गुण पेशी दिलेल्यांत ३५ टक्के आणि न दिलेल्यांत ३० टक्के होता. म्हणजे सरस ठरल्याच नाहीत. हे दोन्ही आकडे एकत्र वाचा. उपचार खोटा नाही, पण रामबाणही नाही.

आता तुमच्या मुलीचं गणित. डोस किलोमागे २० लाख पेशी, म्हणजे २४ किलोला एका वेळी ४ कोटी ८० लाख. रायऑनसिलच्या एका बाटलीत अडीच कोटी असतात, म्हणजे दोन बाटल्या. आठवड्यातून दोनदा, दोन डोसांत किमान तीन दिवसांचं अंतर, असे चार आठवडे. एकूण आठ डोस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास पडताळणी होते. पूर्ण गुण आला तर थांबायचं. अर्धवट आला तर आठवड्याला एक असे आणखी चार. काहीच फरक नसेल तर तेच रेटत बसायचं नाही, दुसरा उपचार बघायचा.

पेशी येतात त्या द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत, उणे १३५ अंशांखाली. ३७ अंशांच्या पाण्यात बाटली वितळवायची, पिशवीत सलाइनसारख्या द्रावात मिसळायची आणि वितळल्यापासून पाच तासांच्या आत द्यायची. बऱ्याचदा खरा घोळ इथे होतो. पेशी खाली प्रयोगशाळेत वितळून तयार, आणि वर वॉर्डात सेंट्रल लाइन बंद पडलेली, नाहीतर मुलीला ताप म्हणून कुणी हात लावायला तयार नाही. म्हणून आधी लाइन चालते का बघायचं, अँटिहिस्टामिन आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, मगच वितळवायला सांगायचं. गोठवताना डीएमएसओ नावाचं द्रव्य घालतात. त्यामुळे मुलीच्या श्वासाला दिवसभर लसणीसारखा वास येईल, त्याने घाबरू नका. मात्र धाप, ओठ निळे पडणं, अंगावर गांधी उठणं, रक्तदाब उतरणं यांपैकी काही दिसलं तर लगेच नर्सला हाक मारा. डुकराच्या किंवा गायीच्या प्रथिनांची, अथवा डीएमएसओची ॲलर्जी माहीत असेल तर ते आधीच सांगायचं.

पण पेशींआधी दोन गोष्टी. पहिली : हा खरंच स्टिरॉइडला न जुमानणारा आजार आहे का? मिथाइलप्रेडनिसोलोन किलोमागे २ मिग्रॅ, म्हणजे रोज ४८ मिग्रॅ, शिरेतूनच चालू आहे ना? जुलाब असताना गोळी पोटातून पुरती शोषली जात नाही. तीन ते पाच दिवसांत त्रास वाढला, किंवा पाच ते सात दिवसांत काहीच फरक नाही, तर ‘न जुमानणारा’ म्हणतात. म्हणजे तुमच्या डॉक्टरांची वेळ बरोबर आहे. मात्र जुलाब दुसऱ्याच कारणाने नाहीत ना, हे तपासलेलं हवं : सीएमव्ही आणि ॲडिनो हे विषाणू, क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल हा जंतू. शक्य असेल तर मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाची बायोप्सी. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटने जुलाब होतात. सायक्लोस्पोरिन या तशाच औषधामुळे घटलेलं मॅग्नेशियम भरून काढायला दिलेल्या गोळ्यांनीही होतात, आणि हे अगदी अनुभवी युनिटमध्येही नजरेतून सुटू शकतं.

दुसरी : मोजमाप. ‘चार-पाच वेळा झालं’ याला अर्थ नाही. मिलिलिटर हवेत. मुलांत दिवसाला किलोमागे १० ते २० मिलि जुलाब ही आतड्याच्या आजाराची पहिली पायरी, २० ते ३० दुसरी, ३० च्या वर तिसरी. तुमच्या मुलीला २४० ते ४८० मिलि पहिली, ७२० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. पोट मुरडून दुखणं, रक्त पडणं किंवा आतडं ठप्प होणं ही चौथी. दुसरी पायरी गाठली की एकूण आजार तिसऱ्या श्रेणीत जातो. डायपर असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरे : ओल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिलि धरा. लघवी वेगळ्या भांड्यात घ्या, नाहीतर आकडा फुगतो आणि मुलीला फुकटचं जास्त औषध जातं. सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ, एकच वही, एकाच माणसाचं अक्षर.

स्टिरॉइडनंतर बहुतेक केंद्रांत आधी रुक्सोलिटिनिब हे औषध येतं. रीच-२ या चाचणीत अठ्ठाविसाव्या दिवशी त्याने ६२ टक्के रुग्णांना गुण आला, इतर उपचारांनी ३९ टक्क्यांना. ती चाचणी बारा वर्षांपुढच्यांची होती, लहान मुलांत डोस वजन आणि वय पाहून ठरतो. त्याने प्लेटलेट उतरतात आणि सीएमव्ही डोकं वर काढतो. बुरशीवरचं फ्लुकोनाझोल किंवा पोसॅकोनाझोल चालू असेल तर रुक्सोलिटिनिबचा डोस कमी करावा लागतो. नवी चिठ्ठी लिहिली जाताना ही आठवण तुम्ही करून दिलीत तरी कुणाला वाईट वाटणार नाही.

खायला भाताची पेज, मऊ भात, उकडलेला बटाटा. दूध बंद, तेल-तूप जवळजवळ बंद. घरच्या विरजणाचं दही-ताक युनिटला विचारल्याशिवाय नको. या काळात जीव जातो तो बहुधा जीव्हीएचडीने नव्हे, जंतुसंसर्गाने. म्हणून बुरशीवरचं औषध आणि आठवड्याची सीएमव्ही पीसीआर चुकवू नका. गुण आला तरी स्टिरॉइड एकदम तोडायचं नसतं. दर तीन ते पाच दिवसांनी किलोमागे ०.२ मिग्रॅ असं उतरवतात.

प्रश्न : रायऑनसिल भारतात मिळतं का, किती पडतं? एका क्लिनिकने नाळेच्या स्टेम सेल तीन लाखांत देतो, किंवा रुग्णाच्याच मॅरोतून काढून देतो असं सांगितलं. घ्याव्यात का? (नाशिक)

उत्तर : अमेरिकेत एका डोसची जाहीर किंमत १ लाख ९४ हजार डॉलर आहे. आठ डोसांचे साडेपंधरा लाख डॉलर, म्हणजे १३ कोटी रुपयांच्या पुढे. भारतात मान्यता मिळालेलं मेसेन्कायमल उत्पादन आहे ते बंगळुरूच्या कंपनीचं ‘स्टेम्प्युसेल’, पण त्याची मान्यता पायाचा रक्तपुरवठा तुटल्यावर आणि गुडघ्याच्या झिजेवर आहे, जीव्हीएचडीवर नाही. त्यामुळे इथे हा उपचार घ्यायचा तर रीतसर चाचणीत किंवा संस्थेच्या नीतिसमितीच्या परवानगीने. चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा क्रमांक असतो. तो मागा आणि संकेतस्थळावर स्वतः ताडून बघा. चाचणीतल्या उत्पादनाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. जिथे पावती फाडतात तिथे ती चाचणी नव्हे, दुकान आहे.

रुग्णाच्याच मॅरोतून काढून देण्याची गोष्ट तर उलटीच आहे. प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा मॅरो डोनरचा झालेला असतो. तो उपसून यंत्रात फिरवून तासाभरात परत दिला तर जे परत जातं त्यात डोनरच्या टी पेशीही असतात, मोजमाप नसलेल्या. ज्या पेशींनी आग लावली त्याच पुन्हा. मेसेन्कायमल पेशी मॅरोत अगदी थोड्या असतात, म्हणून त्या प्लास्टिकच्या तबकडीवर आठवडेच्या आठवडे वाढवाव्या लागतात. तासाभरात तयार होणारी गोष्ट मेसेन्कायमल नव्हेच.

तरीही कुणी आग्रह धरला तर ही कागदपत्रं मागा : बॅचचं प्रमाणपत्र, पेशी कितव्यांदा पसरवून वाढवल्या तो आकडा, वितळल्यानंतर जिवंत पेशींची टक्केवारी, जंतू, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिन तपासण्यांचे निकाल, सीडी७३, ९० आणि १०५ असल्याचा आणि सीडी४५ नसल्याचा अहवाल. ‘तेवढ्यात कशाला जाता’ असं उत्तर आलं की उठून या.

प्रश्न : वय ४२, ल्युकेमियासाठी भावाचा मॅरो घेऊन दीड वर्ष झालं. तोंड कोरडं पडतं, पोटऱ्यांची कातडी आवळलीय, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. डॉक्टर ‘ईसीपी’ करूया म्हणतात. रक्त बाहेर काढून त्यावर प्रकाश टाकतात म्हणे. पेशी-उपचार तो हाच का? (कोल्हापूर)

उत्तर : हाच, फक्त इथे तुमच्याच शरीरातल्या पेशी वापरतात. ईसीपी म्हणजे एक्स्ट्राकॉर्पोरियल फोटोफेरेसिस. येलचे रिचर्ड एडल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये त्वचेच्या टी पेशी लिम्फोमासाठी ही पद्धत मांडली. जीव्हीएचडीत ती नंतर आली. आम्हाला विचाराल तर तुमच्यासारख्या जुनाट जीव्हीएचडीत हा उपचार लवकर सुचवला जायला हवा, कारण तो संसर्गाचा धोका वाढवत नाही. स्टिरॉइडबद्दल असं म्हणता येत नाही.

प्रक्रिया अशी. हाताच्या शिरेतून किंवा कॅथेटरमधून रक्त यंत्रात येतं. यंत्र पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढतं आणि लाल पेशी व प्लाझ्मा परत देतं. वेगळ्या काढलेल्या पेशींत ८-मेथॉक्सीसोरॅलेन टाकतात आणि त्या पिशवीवर यूव्हीए प्रकाश सोडतात. औषध आणि प्रकाश मिळून त्या पेशींचा डीएनए जखडला जातो. मग त्या परत तुमच्या शिरेत. दिल्यानंतर त्या हळूहळू मरतात. एका वेळी एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम पाच ते दहा टक्केच पेशी यात सापडतात. तरी काम होतं, कारण मरणाऱ्या पेशी बघून बाकीची प्रतिकारयंत्रणा शांत होते आणि नियामक टी पेशी वाढतात. पूर्ण प्रतिकारशक्ती खाली बसत नाही, हीच यातली खुबी.

दोन प्रकारची यंत्रं असतात. एकात सगळं बंद नळीत एकाच जागी होतं, तिथे रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपारिन वापरतात. दुसऱ्यात नेहमीच्या अफेरेसिस यंत्राने पेशी काढून पिशवी वेगळ्या दिव्याखाली नेतात. तिथे सायट्रेट असतं, त्याने कॅल्शियम उतरतं. ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर ‘सहन करतो’ म्हणू नका, लगेच सांगा. कॅल्शियम देऊन आणि वेग कमी करून ते थांबतं. पिशवी वेगळ्या जागी नेली जाते तिथे नाव आणि क्रमांक परत देण्याआधी तुमच्यासमोर ताडून घेण्याचा आग्रह धरा.

वेळापत्रक : सलग दोन दिवस म्हणजे एक फेरी, दर पंधरा दिवसांनी एक, तीन महिने. मग पडताळणी, आणि गुण असेल तर महिन्याला एक. तीन महिन्यांआधी ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका. आवळलेली कातडी सगळ्यात शेवटी सैल होते. यश मोजायचं ते स्टिरॉइडचा डोस किती उतरला यावरून.

सत्राच्या आदल्या रात्री आणि सकाळी तेलकट-तुपकट नको. रक्तात चरबी तरंगत असली की पेशींचा थर नीट वेगळा होत नाही आणि प्रकाशही आत पोचत नाही. कोल्हापूरकराला सांगणं जिवावर येतं, पण आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको आणि सकाळी मिसळही नको. इडली किंवा भाकरी आणि उकडलेली भाजी चालेल. पाणी आदल्या दिवसापासून भरपूर, नाहीतर शिरा सापडत नाहीत आणि ‘लाइन लागली नाही’ म्हणून परत पाठवतात. प्लेटलेट साधारण २० हजारांच्या वर हव्यात. सत्रानंतर २४ तास उन्हात जायचं नाही. यूव्ही रोखणारा गॉगल घरातही खिडकीजवळ लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. डोळ्यातलं भिंग काढलेलं असेल आणि त्याजागी कृत्रिम भिंग बसवलेलं नसेल तर ईसीपी करत नाहीत.

रुक्सोलिटिनिब १० मिग्रॅ दिवसातून दोनदा हा दुसरा पर्याय आहे. रीच-३ मध्ये चोविसाव्या आठवड्याला सुमारे ५० टक्के रुग्णांना गुण आला, इतर उपचारांनी सुमारे २६ टक्क्यांना. दोन्ही एकत्रही देतात. आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती करून घ्या : स्पायरोमेट्री. जुनाट जीव्हीएचडी फुप्फुसांत गेला तर सुरुवातीला धापही लागत नाही, फक्त एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) हा आकडा घसरतो. दर तीन महिन्यांनी फुंकून बघा. तिथली हानी परत भरून येत नाही.

प्रश्न : पत्नीचा एएमएल (ल्युकेमियाचा एक प्रकार) प्रत्यारोपणानंतर चौदा महिन्यांनी परतला. तिच्या बहिणीच्या लिम्फोसाइट पेशी देणार म्हणतात. जीव्हीएचडीवर सगळे पेशी देऊन आवर घालतात आणि इथे मुद्दाम तो आणायचा? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. डीएलआय म्हणजे डोनरच्या टी पेशी, वरच्या दोन्ही उपचारांच्या अगदी उलट टोकाचा प्रकार. उरलेल्या ल्युकेमियावर बहिणीच्या पेशी तुटून पडाव्यात हा हेतू, आणि त्याच्याबरोबर जीव्हीएचडीचा धोका येतोच. १९९० मध्ये म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी सीएमएल या ल्युकेमियाच्या दुसऱ्या प्रकारात याचा उपयोग दाखवला, आणि आजही सगळ्यात चांगला परिणाम तिथेच दिसतो. एएमएलमध्ये तो बराच कमी. म्हणून आधी ॲझासिटिडीन किंवा किमोने आजाराचं ओझं कमी करतात, मग पेशी.

आधी सायक्लोस्पोरिन थांबवून काही आठवडे थांबायचं. बऱ्याचदा तेवढ्यानेच जीव्हीएचडी दिसू लागतो, मग पेशी देतच नाहीत. नाही दिसला तर पायरीपायरीने : सख्ख्या, जुळलेल्या डोनरच्या सीडी३, म्हणजे टी, पेशी किलोमागे सुमारे १० लाखांपासून १ कोटीपर्यंत सुरुवातीला. मग सहा-आठ आठवडे वाट बघून पुढची पायरी, दहापट किंवा त्याहून कमी. अर्धाच जुळणारा डोनर असेल तर सुरुवात आणखी खालून, किलोमागे १ लाखापासून. एका अफेरेसिसमध्ये काढलेल्या पेशी वेगवेगळ्या डोसांत गोठवून ठेवतात, म्हणजे बहिणीला पुन्हा पुन्हा बोलवावं लागत नाही. घाई करून मधलं अंतर कापलं की जीव्हीएचडी भडकतो, कारण तो एक ते तीन महिन्यांनीही येतो. आधीच जीव्हीएचडी चालू असेल तर डीएलआय देत नाहीत. मॅरो पूर्ण बसण्याचाही धोका असतो, म्हणून सुरुवातीला आठवड्याला सीबीसी.

प्रश्न : माझ्या भावाला मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर ईबीव्हीमुळे लिम्फोमा झालाय. रिटुक्सिमॅब झालं, आजार परतला. इथे ‘एबव्हॅलो’ देणार म्हणतात. (म्युनिक)

उत्तर : याला पीटीएलडी म्हणतात, प्रत्यारोपणानंतर होणारा लिम्फोमासारखा आजार. टॅक्रोलिमससारख्या औषधांनी टी पेशी बांधून ठेवल्या की एपस्टाइन-बार विषाणू बाधलेल्या बी पेशी मोकाट सुटतात. पहिली पायरी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं, दुसरी रिटुक्सिमॅब (दर चौरस मीटरला ३७५ मिग्रॅ, आठवड्याला एक, चार वेळा), मग किमो. युरोपने डिसेंबर २०२२ मध्ये टॅबेलेक्ल्यूसेल, म्हणजे एबव्हॅलो, मान्य केलं ते एकदा तरी उपचार झालेल्या, दोन वर्षांपुढच्या रुग्णांसाठी. ईबीव्ही ओळखायला शिकवलेल्या दुसऱ्याच निरोगी माणसाच्या टी पेशी. तयार साठ्यातून एचएलए बघून निवडतात, म्हणून आठवडे थांबावं लागत नाही. डोस किलोमागे २० लाख, ३५ दिवसांच्या फेरीत पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. पहिल्या साठ्याने गुण आला नाही तर दुसऱ्या एचएलएच्या साठ्यावर जातात. हे आधीच विचारून ठेवा. स्टिरॉइड जास्त चालू असेल तर या टी पेशी दबतात, तेव्हा डोस किती खाली आणता येईल ते मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी आधी ठरवा.

हाच विचार बीके विषाणूमुळे लघवीतून रक्त जाणं आणि ॲडिनो विषाणू यांवरही झाला. अनेक विषाणूंवर एकत्र चालणाऱ्या ‘पोसोल्यूसेल’च्या तिन्ही मोठ्या चाचण्या मात्र डिसेंबर २०२३ मध्ये थांबवल्या गेल्या, यश येण्याची चिन्हं नव्हती म्हणून. तेव्हा ‘टी पेशी आहेत, म्हणजे कोणताही विषाणू जाणार’ असं गृहीत धरू नका.

प्रश्न : वडिलांना किडनी घेऊन सहा वर्षं झाली. स्टेम सेल दिल्या की टॅक्रोलिमस बंद करता येतं असा मेसेज फिरतोय. (पुणे)

उत्तर : नाही. किडनीच्या बाबतीत भांडण उलट बाजूने असतं, यजमान पाहुण्याला हाकलतो. गोळ्या सोडवण्याचे प्रयोग झाले ते प्रत्यारोपणाच्या वेळीच, त्याच डोनरच्या रक्तपेशी देऊन. त्यासाठी आधी किरणोपचार किंवा तीव्र औषधं लागतात. बॉस्टन, शिकागो आणि स्टॅनफर्डमध्ये निवडक रुग्णांत ते जमलं. सहा वर्षांनंतर बाहेरून आणलेल्या पेशींनी ते होत नाही. २०१२ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत प्रत्यारोपणाच्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी मेसेन्कायमल पेशी दिल्या. पहिल्या सहा महिन्यांतले नकाराचे झटके कमी झाले, पण रोजच्या गोळ्या चालूच होत्या. वडिलांनी एक डोसही परस्पर सोडू नये. टॅक्रोलिमसची पातळी सकाळची गोळी घेण्याआधी तपासायची. गोळी घेऊन रांगेत उभं राहिलं तर आकडा खोटा येतो आणि डोस उगाच कमी होतो.

प्रश्न : रक्त द्यायची वेळ आली की हॉस्पिटल ‘इरॅडिएटेड’ मागतं आणि रक्तपेढी म्हणते फिल्टर लावलाय, चालेल. (ठाणे)

उत्तर : चालणार नाही. फिल्टरने पांढऱ्या पेशी कमी होतात, सगळ्या जात नाहीत. उरलेल्या टी पेशी प्रत्यारोपण झालेल्याच्या अंगात रुजून जो जीव्हीएचडी करतात तो जवळजवळ नेहमी जीवघेणा असतो. किमान २५ ग्रे किरण दिलेलं रक्त आणि प्लेटलेट हवेत. नात्यातल्या माणसाचं रक्त असेल तर दुप्पट आग्रह धरा. पिशवीवर किरण दिल्याचं लेबल आणि तारीख असते, ती वाचा. प्लाझ्माला किरण लागत नाहीत.

प्रश्न : गणपतीत पपनस आणलं की घरचे ‘हिला नको’ म्हणतात. खरंच नको? (सावंतवाडी)

उत्तर : खरंच नको. पपनस आणि ग्रेपफ्रूट आतड्यातलं औषध मोडणारं वितंचक अडवतात. त्याने सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस आणि रुक्सोलिटिनिबची पातळी वाढू शकते. एक-दोन फोडींनीही. संत्रं चालेल, साल स्वच्छ धुऊन सोललेलं.

प्रश्न : मुलाला प्रत्यारोपणानंतर गोवर-रुबेलाची लस कधी? (लातूर)

उत्तर : जुन्या लशी धुऊन निघालेल्या असतात, त्यामुळे सगळं पुन्हा. मृत जंतूंच्या लशी सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू करतात. गोवर-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लशी : प्रत्यारोपणाला दोन वर्षं पूर्ण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद होऊन एक वर्ष, शेवटचं आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडं) देऊन आठ महिने, आणि जीव्हीएचडी नाही. या अटी पुऱ्या झाल्यावरच. तोवर घरातल्या बाकीच्यांनी मात्र आपल्या लशी वेळेवर घ्याव्यात. पोलिओचे तोंडाने द्यायचे थेंब घरातल्या तान्ह्याला द्यायचे असतील तर युनिटला आधी विचारा, कारण त्यातला जिवंत विषाणू शीतून बाहेर पडतो.